बडीशेपेचा वास

धाडच्या बाजाराहून पुंजाजी घरी यायचा तो बैलांच्या भरवशावर, आणि निंबोरीत कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. बाजार उरकला की तो वाटेवरच्या नाल्याकाठी, भट्टीवर बसे. सरकारनं दारूबंदी केली म्हणून बाजाराच्या दिवशी माणसानं घसा कोरडा ठेवावा, असं गावात कुणाचंच मत नव्हतं. प्यायचं, गाडीत कडब्यावर अंग टाकायचं आणि कासरा सोडून द्यायचा. पुढचं काम पवळ्या-चांद्याचं. ती जोडी आपल्या मनानं नाला उतरे, पलीकडचा चढ चढे, समोरून गाडी आली की बाजूला होई आणि थेट मनकर्णाबाईच्या अंगणात येऊन उभी राही.

घुंगरांचा आवाज आला की मनकर्णाबाई बाहेर येई. आधी बैलांच्या पायांवर पाणी, मग त्यांच्या तोंडात भाकरीचा तुकडा आणि शेवटी नवरा. त्याला बगलेत धरून ती खाली उतरवी. सकाळी तो डोकं धरून चुलीपुढं बसला की रात्री काय काय झालं ते तीच त्याला सांगे. कुणाशी बोलला, टोपी कुठं पडली, चांद्याच्या पायात काय रुतलं होतं. तोही मान हलवून ऐके. तिच्या सासूनं सासऱ्याला असंच सांभाळलं होतं. निम्म्या गावातल्या बायकांना हे काम येत होतं आणि त्याची लाज कुणालाच नव्हती. उलट कुणाचे बैल किती शहाणे, याचीच पारावर चर्चा चाले.

मग भगवानरावांनी ट्रॅक्टर आणला. नाल्याच्या दोन्ही अंगांची काळी जमीन त्यांची, तालुक्यात ऊठबस त्यांची, तेव्हा पहिला ट्रॅक्टर त्यांच्याच दारात यायचा होता. चालवायला त्यांनी पुंजाजीला निवडलं. सगळी हयात भाड्याच्या गाडीवर गेलेली, हात पक्का, वाटा पाठ. बुलढाण्याला पाठवून त्याला शिकवून आणलं. आता बैल कायले पोसतो, असं त्यांनीच सुचवलं आणि पुंजाजीनं पवळ्या-चांद्या अमडापूरच्या एका शेतकऱ्याला देऊन टाकले. त्या दिवशी मनकर्णाबाई रिकाम्या दाव्याजवळ कितीतरी वेळ बसून होती. पुंजाजीनं तिची थट्टा केली. लेक सासरी गेली तेव्हा एवढी रडली नाहीस, म्हणाला.

त्या वर्षीच्या पोळ्याला तोरणाखाली सगळ्यात पुढं ट्रॅक्टर उभा होता. त्याला बाशिंग बांधलं, पाठीवर झूल टाकली, पुढच्या चाकांना कुंकू लावलं. अन्नपूर्णाबाईंनी, म्हणजे भगवानरावांच्या मालकिणीनं, दोन्ही चाकांवर पाणी टाकून इंजिनापुढं पुरणपोळी ठेवली. ती शेवटी पुंजाजीनंच खाल्ली. बैल घेऊन घरोघरी जातात तसा तो ट्रॅक्टर घेऊन घरोघरी फिरला आणि घरोघरी त्याला बोजारा मिळाला, कुठं धान्य, कुठं नारळ, कुठं मागच्या दारानं पेलाभर दारू. नाही म्हणणं म्हणजे त्या घरचा मान मोडणं. दिवस बुडता बुडता ट्रॅक्टर भगवानरावांच्या गोठ्याची कूड घेऊन आत गेला, तेव्हा सगळं गाव पोट धरून हसलं. नवा गोऱ्हा हाय, वळण लागायचं हाय अजून, असं भगवानराव स्वतः म्हणाले.

तेव्हापासून बाजाराच्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गाव बसून जाऊ लागलं. फुकट बसायला मिळतं म्हटल्यावर ज्यांचं बाजारात काही काम नव्हतं तेही निघत. बायामाणसं, लेकरं, कोंबड्या, मिरच्यांची पोती. येताना नाल्याशी ट्रॅक्टर थांबे. गडीमाणसं खाली उतरत, बाया ट्रॉलीत बसून राहत. त्या भट्टीवाल्याची दारू बडीशेप टाकून काढलेली असे. पुंजाजी परत येऊन बसला की मागं बसलेल्या मनकर्णाबाईपर्यंत तो वास येई. गाडीत होता तसाच वास आणि तोच नवरा. पण पुढं बैल नव्हते. हे पहिल्यांदा जेव्हा तिच्या मनात आलं तेव्हा तिनं ट्रॉलीची फळी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

दसऱ्याच्या आधीच्या बाजारी नाल्याच्या चढावर ट्रॅक्टर रस्ता सोडून तुरीत घुसला. ट्रॉली एका अंगाला कलली, मिरच्यांचं पोतं एका म्हातारीच्या अंगावर गेलं. ट्रॅक्टर आपोआप बंद पडला म्हणून निभावलं. पुंजाजी सीटवर बसून हसत होता आणि ट्रॉलीतले लोकही हसत होते. त्या म्हातारीनंही पोतं बाजूला सारून तोंडाला पदर लावला. मनकर्णाबाई एकटी खाली उतरली आणि तिथून पायी घरी आली.

घरी तिनं त्याला नीट बसवून सांगितलं, की पेऊन चालवू नका, मागं लोकांची लेकरं असतात. त्यानं ते मनावर घेतलं नाही. बैलांना समजत होतं ते मशीनला समजणार नाही काय, म्हणाला. वाट तर तीच आहे. तो हे थट्टेनं म्हणत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं.

मग ती अन्नपूर्णाबाईंकडं गेली. अन्नपूर्णाबाईंनी तिला ओसरीवर बसवून चहा दिला आणि भगवानरावांना बाहेर बोलावलं. भगवानराव सुपारी कातरत सगळं ऐकून घेत होते. न पिणारा डायवर कुठून आणू, असं त्यांनी विचारलं. तू आणून दे, मी ठेवतो. शेवटी वर असंही म्हणाले की नवऱ्याचं पोट आहे यावर, जरा विचार करून बोलत जा. त्यांनी तिला असं बोळवलं की बाहेर येताना तिलाच चोरी केल्यासारखं वाटलं.

तरी ती रामराव पोलीस पाटलांकडंही गेली. तो गावातला सरकारी माणूस, ठाण्यात खबर द्यायची ती त्यानंच. रामराव नेमका त्याच ट्रॉलीत बसून बाजाराला जाई. तो हसायलाच लागला. नवऱ्याची फिर्याद घेऊन आलेली बाई आपल्या जन्मात पाहिली नाही, असं त्यानं पारावर सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तिचं नाव जमादारीण पडलं. विहिरीवर बाया विचारत, जमादारीणबाई, आज कुणाले धरून नेता? ती बादली भरून मुकाट निघून येई. पुंजाजीलाही लोक चिडवत, घरात ठाणं हाय रे तुह्या. तो हसे आणि त्या दिवशी थोडी जास्त पिऊन येई.

मनकर्णाबाईनं एकच केलं. ट्रॉलीत बसणं सोडलं. भगवानरावांच्या कपाशीत वेचणी असली की वेचणी करायची, बाजाराच्या दिवशी पहाटे उठून पायी धाडला जायचं आणि पायीच यायचं. नवऱ्याचा ट्रॅक्टर असून बायको धूळ खाते, याचीही गावाला करमणूक झाली.

वाटेला तिला सोबत मिळाली ती रहेमतुल्ला आणि इमामबीची. रहेमतुल्ला पिंजारी. थंडी सुरू झाली की त्याचं काम निघे. खांद्यावर माणसाहून लांब, धनुष्यासारखी पिंजण घेऊन तो गावोगाव फिरे, जुन्या गाद्यांचा घट्ट झालेला कापूस पिंजून देई आणि इमामबी त्या परत भरून शिवून देई. त्याच्या पिंजणीला दोरीसारख्या ताणलेल्या तातीचा टणत्कार गल्लीच्या टोकापासून ऐकू येई. ट्रॉलीत गर्दीत ती तात तुटेल म्हणून तो कधीच बसत नसे. दाढीत नेहमी कापसाची पिसं. पाच वेळचा नमाजी माणूस, पण तोंडाचा मोठा गमत्या. जमादारीणबाई आपल्यासोबत आहे म्हणजे आता चोराचं भेव नाही, असं म्हणून तो पुढं चाले. हे नाव त्याच्या तोंडून मनकर्णाबाईला लागत नसे. ती त्याला भाऊ म्हणे आणि इमामबीला भाबी.

तो बाजार कपाशीच्या दुसऱ्या वेच्यातला. तिघं परत येत होते. दिवस खाली गेला होता, पण उजेड चांगला होता. नाला ओलांडून चढ चढल्यावर इमामबीच्या पायात बाभळीचा काटा मोडला. ती रस्त्याच्या कडेला बसली आणि मनकर्णाबाई तिचा पाय मांडीवर घेऊन काटा काढू लागली. रहेमतुल्ला चालता चालता थोडा पुढं गेला होता. मागून ट्रॅक्टरचा आवाज आला. दोघी उठून शेतात उतरल्या. रहेमतुल्लाही कडेला झाला, पार कडेला, जिथं रस्ता संपून गवत लागतं तिथं उभा राहिला आणि पिंजण उभी धरून त्यानं ट्रॅक्टरला वाट दिली.

ट्रॅक्टर दोघींच्या समोरून गेला. बडीशेपेचा वास आला. पुंजाजीची मान खाली होती. ट्रॉलीत कुणीतरी गाणं म्हणत होतं. मग ट्रॅक्टर हळूहळू, अगदी सावकाश, कडेच्या गवताकडं जाऊ लागला. मनकर्णाबाई ओरडली, पण तो आवाज इंजिनात कुणाला ऐकू जाणार. पुढच्या चाकाखाली तात तुटली आणि मोठा टणत्कार झाला. गाणं थांबलं. ट्रॅक्टर तसाच पुढं गेला आणि बांधाला लागून उभा राहिला.

इमामबी अनवाणी धावत गेली. मनकर्णाबाई पोचली तेव्हा तिनं नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि त्याच्या दाढीतली कापसाची पिसं ती एक एक करून वेचत होती. मनकर्णाबाई त्याच्या छातीवर वाकली, श्वास आहे का पाहिलं. रक्ताचा वास होता आणि कापसाच्या धुळीचा, दुसरा कसलाही नव्हता. छाती हलत नव्हती.

गाव जमलं. पोलीस येईपर्यंत मुडदा हलवायचा नाही, असं रामरावानं सांगितलं. कोतवालाला ठाण्याकडं पाठवलं, जमादार सकाळी येतील म्हणाला. मुडद्याजवळ भगवानरावांचे दोन गडी बसवले. इमामबी उठायला तयार नव्हती. बाईमाणसानं उघड्यावर बसू नये, असं म्हणून चारचौघांनी तिला घराकडं चालवत नेलं. पुंजाजीला भगवानरावांचा धाकटा भाऊ माणिकराव घरी घेऊन आला. त्याला काहीच उमगत नव्हतं. बाजेवर टाकताच तो घोरायला लागला.

त्याचा अंगरखा काढताना मनकर्णाबाईला कमरेशी खोचलेली बाटली सापडली. निम्मी भरलेली. ती हातात घेऊन उभीच राहिली. घरात दारू सापडली तर काय होतं हे तिला माहीत होतं. दिवेलागणीला माणिकराव परत आला. दाराबाहेरूनच हळू आवाजात म्हणाला की उद्या पोलीस घर पाहतील, त्याच्याजवळ काही असेल तर दे, मी फेकून देतो. इतक्या दिवसांत भगवानरावांच्या घरचं कुणी तिच्याशी इतकं मायेनं बोललं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं बाटली पदराखाली धरून आणली आणि त्याच्या हातात दिली.

सकाळी पुंजाजी उठला तेव्हा माणिकराव दाराशी येऊनच बसलेला होता. दोघं बाहेर कुडाजवळ बराच वेळ बोलले. माणिकराव गेल्यावर पुंजाजी चुलीपुढं येऊन बसला. तिनं पुढं केलेल्या चहाला त्यानं हात लावला नाही.

"म्या मारलं काय वो त्याले?" त्यानं विचारलं.

"हाव."

"माणिकराव म्हणते रहेमतच पेलेला होता. झोकांड्या खात चाकापुढं आला म्हणते. सगळी ट्रॉली तेच सांगणार हाय. मलेही तेच सांगाले लावलं."

मनकर्णाबाईच्या हातातली फुंकणी खाली पडली. बाटली कुठं गेली ते तिला त्या क्षणी समजलं. तिनं विचारलं की तुम्हाला काय वाटतं, भाऊ पेले असतील? पुंजाजीनं मान हलवली. रहेमतला आपण कधी तंबाखूही खाताना पाहिलं नाही, म्हणाला. मग त्यानं रिकाम्या दाव्याकडं पाहिलं.

"पवळ्या-चांद्या असते तं असं झालं नसतं."

"बैल माणसावर पाय देत नाई," ती म्हणाली. "झोपला असता तरी थांबले असते ते."

तू काय सांगशील, असं त्यानं विचारलं. ती पदर डोक्यावर घेऊन बाहेर पडली.

इमामबीच्या घराशी गेली तर इमामबी तिथं नव्हती, रस्त्याकडं गेली होती. मनकर्णाबाई पोचली तेव्हा जमादार खाटेवर बसले होते. त्यांच्यासाठी गावातून खाट आणि दूध दोन्ही आणलं होतं. भगवानराव, माणिकराव, रामराव, ट्रॉलीतली बहुतेक माणसं बाभळीखाली उभी होती. एक शिपाई पंचनामा लिहीत होता. इमामबी मुडद्याच्या पायाशी बसली होती आणि पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, की त्यानं उभ्या जन्मात दारूला हात लावला नाही. जमादारांनी मुडद्यावर वाकून पाहिलं होतं आणि नाकाला रुमाल लावून परत येऊन बसले होते.

मनकर्णाबाई खाली बसली. रहेमतुल्लाचा सदरा गळ्यापासून पोटापर्यंत ओला होता. दाढी ओली होती. दूरवरूनही बडीशेपेचा वास येत होता. काल तिनं त्याच छातीवर वाकून पाहिलं होतं.

इमामबीनं तिच्याकडं पाहिलं. "असा वास घेऊन मी त्याले मातीत कशी देऊ, मनकर्णा?" ती म्हणाली. "सासरी हाय त्या लेकीले लोक काय सांगतील? बाप पेऊन मेला?"

तेवढ्यात शिपायानं लिहिलेलं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मयत हा दारूच्या अमलाखाली रस्त्याच्या मध्यभागी आला, चालकानं ट्रॅक्टर आवरण्याचा प्रयत्न केला. पंचांच्या अंगठ्यांसाठी शाईची डबी उघडून ठेवली होती. पहिला अंगठा रामरावाचा होता. पुंजाजी मागून येऊन गर्दीच्या कडेला उभा राहिला होता. अंगावर त्यानं धुतलेला अंगरखा घातला होता. तो माणिकरावाकडं पाहत नव्हता आणि बायकोकडंही पाहत नव्हता.

मनकर्णाबाईला एवढंच कळत होतं की आता गप्प राहिलं तर सगळं तिच्या घरचं वाचतं. नवरा वाचतो, काम वाचतं, गावात तोंड वाचतं. जायचं ते फक्त एका मेलेल्या माणसाचं नाव, आणि तेही पिंजाऱ्याचं. सगळं गाव याच हिशेबावर तिथं उभं होतं. ती उठली.

"साहेब, ते लिहू नोका," ती म्हणाली. "रहेमतभाऊ पेलेले नव्हते. पेलेला माह्या नवरा होता. मी मागून पायी येत होती, म्या पाह्यलं. आन् भाऊच्या अंगावर जे दारू हाय ते माह्या घरातली हाय. काल माणिकरावनं मागितली, म्या देली."

माणिकराव म्हणाला की बाईच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, हिला गावात जमादारीण म्हणतात, कुणालाही विचारा. एकदोघं हसलेही. जमादारांनी दुधाचा पेला खाली ठेवला. ते वयस्कर होते, बाहेरगावचे होते आणि असल्या पंचनाम्यांची त्यांना सवय असावी. त्यांनी तिला जवळ बोलावलं.

"बाई, हा तुझा नवरा आहे. तुरुंगात जाईल. समजतं का तुला?"

"समजते."

जमादारांनी पुंजाजीला पुढं बोलावलं आणि प्यालेला होतास का म्हणून विचारलं. पुंजाजीनं भगवानरावांकडं पाहिलं. भगवानराव सुपारी चघळत होते, त्यांनी नकाराची मान किंचित हलवली. मग पुंजाजीनं बायकोकडं पाहिलं.

"मले काईच याद नाई, साहेब," तो म्हणाला. "माह्या घरी असंच हाय. मी पेऊन येतो आन् सकाळी हे मले सांगते रात्री काय झालं ते. आजवर कधी खोटं सांगितलं नाई हिनं. हे म्हणते तं तसंच झालं असन."

इमामबी तोंड झाकून रडू लागली. आत्तापर्यंत ती रडली नव्हती.

जमादारांनी लिहिलेला कागद फाडायला लावला आणि नवा लिहून घेतला. त्यात मयत दारू प्यालेला नव्हता असं आलं, चालक प्यालेला होता असंही आलं. मात्र माणिकरावाचं नाव त्यात आलं नाही. मुडद्यावर दारू कुणी टाकली ते समजून येत नाही, असं लिहिलं गेलं. त्याआधी भगवानराव आणि जमादार ट्रॅक्टरच्या पलीकडं जाऊन बोलून आले होते. मनकर्णाबाईनं शिपायाला आठवण करून दिली तेव्हा तो म्हणाला, बाई, तुझ्या मनासारखं झालं की नाही. ट्रॉलीतल्या कुणीच काही पाहिलेलं नव्हतं. सगळे झोपले होते म्हणे.

पुंजाजीला पायीच घेऊन गेले. जाताना तो तिच्याजवळ थांबला. अमडापूरला कुणी जात असेल तर बैल बरे आहेत का विचारून ठेव, एवढंच म्हणाला. दुपारी रहेमतुल्लाला स्वच्छ न्हाऊ घालून, पांढऱ्या कापडात मातीत दिलं. मनकर्णाबाई कबरस्तानाच्या कुडाबाहेर उभी होती. गावातलं दुसरं कुणी त्या बाजूला फिरकलं नव्हतं.

पुंजाजीला सजा झाली. सजा झाली त्यापेक्षा गावाला राग दुसऱ्याच गोष्टीचा होता. पंचनाम्यात दारूचं नाव आलं म्हणून नाल्यावर धाड पडली आणि भट्टी काही दिवस बंद राहिली. भगवानरावांच्या कपाशीत मनकर्णाबाईला वेचणीला बोलावणं बंद झालं. विहिरीवर ती गेली की बाया दोर आवरून बाजूला होत. बेबीताई तिची शेजारीण, तिच्या बाळंतपणात मनकर्णाबाईनं रात्र रात्र काढलेली, तिनंही मधलं दार लावून घेतलं. जमादारीण म्हणून आता कुणी हसत नव्हतं. हाक मारायलाच कुणी नव्हतं. तिला रागही येई, रडूही येई, आणि कधी कधी पुंजाजीची इतकी आठवण येई की ती उगीच दारात जाऊन उभी राही.

मग एक दिवस इमामबी आली. अंगणातच उभी राहिली. माझ्या हातानं बाटली दिली, मला माफ कर, असं मनकर्णाबाई म्हणायला लागली तर इमामबीनं ते पुढं बोलूच दिलं नाही. माफीचं तिनं काही सांगितलं नाही. पिंजणीला नवीन तात लावून आणली आहे, म्हणाली, थंडी आहे तोवर काम आहे, पण ती एकटीच्यानं उचलत नाही.

तेव्हापासून दोघी आसपासच्या गावांत कापूस पिंजायला जाऊ लागल्या. इमामबी पिंजे, मनकर्णाबाई भरून शिवे. संध्याकाळी दोघींच्याही डोक्यात पिसं असत. निंबोरीतलं कुणी गादी द्यायचं नाही, पण धाडच्या वाटेवरच्या गावांना त्या भांडणाशी काय करायचं होतं.

माघातल्या एका बाजाराहून त्या परत येत होत्या. पिंजणीचं एक टोक इमामबीच्या खांद्यावर, दुसरं मनकर्णाबाईच्या. नाल्याकाठी पुन्हा भट्टीचा धूर दिसत होता. चढ चढल्यावर मागून ट्रॅक्टर आला. भगवानरावांनी वडनेरकडचा नवा डायवर ठेवला होता. दोघी रस्ता सोडून खाली उतरल्या, कडेला थांबल्या नाहीत, गवत ओलांडून थेट उपटलेल्या पऱ्हाटीच्या रिकाम्या वावरात आत जाऊन उभ्या राहिल्या. ट्रॉली भरलेली होती. रामराव पुढंच बसला होता. बेबीताई मागच्या फळीला टेकून बसली होती, मांडीवर लेकरू झोपलेलं. तिनं दोघींना पाहिलं आणि लेकराच्या अंगावरचं फडकं नीट करू लागली. ट्रॅक्टर गवताच्या बाजूला झुकला, पुन्हा रस्त्यावर आला आणि पुढं गेला. धुळीत बडीशेपेचा वास राहिला.

"उद्या रामरावकडं जातो," मनकर्णाबाई म्हणाली.

"मागं हसला होता तो."

"आताही हसन. जाईन तरी."

आवाज पार वळणाआड जाईपर्यंत दोघी वावरातच थांबल्या. मग इमामबीनं पिंजणीचं आपलं टोक उचललं आणि मनकर्णाबाईनं आपलं, आणि त्या रस्त्यावर आल्या.